बारावी गाडी

॥ बिरोबाच्या नावानं चांगभलं ॥

मुक्काम पठाणकोट, रस्त्याच्या कंत्राटदाराचा कॅम्प, रोलरच्या सावलीत

तीर्थस्वरूप कुंडलिकमामांच्या पायांवर भाचा ज्ञानेश डोकं ठेवतो. त्यातल्या त्यात उजव्या पायावर जपून ठेवतो, कारण तिथलं ऑपरेशन ताजं हाय. मी हितं खुशाल असून तुमची खुशाली गुडघ्यापासनं सुरू करून वरपर्यंत सविस्तर कळवावी. गुडघा वाकतो का? खाली बसता येतं का? बसल्यावर कोणी हात न देता उठता येतं का? डॉक्टरनं बसवलेला पार्ट चांगल्या कंपनीचा हाय ना, एवढंही इचारून घ्यावं, कारण पार्टच्या बाबतीत मी आता लई पोळलेला माणूस हाय. सिंधूमामींना साष्टांग नमस्कार. (मामी, पाकीट तुमीच आधी फोडलं असेल तर नमस्कार आधी तुमाला आणि मग मामांना, असं धरून चालावं.)

पत्र लिहायचं कारण असं, की फोनवर तुमच्याशी बोलायची सोय राहिली न्हाय. फोन मामी उचलत्यात, उचलला की स्पीकर लावत्यात, आणि कऱ्हाटीत मामींनी ऐकलं की पळसदेवला आईनं ऐकलं, आईनं ऐकलं की आबांनी ऐकलं, आणि आबांनी ऐकलं म्हणजे संपलंच. दुसरं असं, की तुमी ऑपरेशनमुळं जत्रंला आला न्हाईत आणि तुमच्या कानावर भलतीच हकीकत गेली हाय. ज्ञानूनं रावजी भगताच्या अंगावर गाडी घातली, असं कोणीतरी सांगितलं म्हणं. साफ खोटं. रावजी पुढं होता, माझी गाडी मागं होती आणि मधी अकरा बैलगाड्या होत्या. घालायची म्हटली असती तरी पोचली नसती. तवा खरं काय ते कागदावर उतरवतो. तुमी मिलिटरीतले, खऱ्याची किंमत तुमालाच.

गाडी कुठली ते तुमाला सांगायला नको. जोंगा. मिलिटरीची ती थोराड जीप, जिच्यावर तुमी लडाखात हयात काढली आणि जिच्या गोष्टी सांगून आमा पोरांना नववीतनं बाहेर काढलं (तुमाला दोष देत न्हाय, नववी तशीही जमत नव्हती). हितल्या छावणीच्या मागं भंगाराच्या वाड्यात ती मला दिसली. बॉनेटमधनं गवत वर आलेलं, टपावर कबुतरं. माझ्या डोळ्यांपुढं एकदम तुमीच उभे राहिले. मग आपल्याकडचा डाळिंबाचा ट्रक अमृतसरला माल टाकून रिकामा परत चालला होता, त्यात घालून मी ती घरी धाडली. कबुतरं राजस्थानपर्यंत उतरली न्हाईत, असं ड्रायव्हर सांगतो.

घरी ती म्हशीच्या जागेवर उभी केली, कारण छप्पर तेवढंच होतं. म्हस उन्हात गेली. आबांनी गाडीला एक पूर्ण फेरी मारली, टायरला चपलेनं टोचून बघितलं आणि आईला इचारलं, “ही दूध किती देती?” पण आबा तेवढ्यावर थांबले न्हाईत. गेल्या दिवाळीला त्यांनी निकाल दिला, की जत्रंपर्यंत ही स्वतःच्या पायानं जाग्यावरनं हलली तर ऱ्हाईल, न्हाय हलली तर जत्रंच्या दुसऱ्या दिवशी इंदापूरचा भंगारवाला गॅसकटर घेऊन येणार. त्याला सांगूनही ठेवलं. मामा, तुमची जोंगा म्हशीसमोर कापली जाणार म्हटल्यावर मला जेवण जाईना (जेवलो, पण चव न्हाय).

म्हणून यंदाची सगळी सुट्टी मी तिच्याखाली काढली. गवत उपटलं. कार्बोरेटर आईच्या पिठाच्या चाळणीत ठेवून रॉकेलनं धुतला, चाळणी नवीन आणून देणार हाय. टाकीला भोकं होती म्हणून फवारणीच्या पंपाचा डबा टपावर बांधून त्यातनं नळी इंजिनाला सोडली. आमची चुलतआजी साखरबाई रोज सकाळी यायची, ती नळी बघायची आणि इचारायची, सलाईन किती दिवस चालणार हाय. वायरिंग विहिरीच्या मोटारीचं उरलेलं वापरलं आणि चालू करायचं बटण म्हणून पडवीतल्या दिव्याचं काढून बसवलं (पडवीत तवापासनं अंधार हाय, पण तिथं बसतं कोण). सेल्फ तेवढा जळालेला निघाला. तो बारामतीत एका वायरमनकडं नेला. त्यानं असला सेल्फ बापजन्मात बघितला नव्हता, म्हणून त्यानं तो दुकानात दर्शनी ठेवलाय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो, परत देत न्हाय. मग राहिलं काय, तर ढकलणं.

ढकलायला आपला रामहरी आणि त्याच्या तालमीतली पोरं. गाडी गियरात टाकून मी वर बसायचो आणि ती मागनं रेटायची. एवढी अवजड गाडी, पण पळायची अशी हलकी, की शेरडाच्या पिल्लागत. इंजिन मात्र हूं का चूं करत न्हाय. रामहरी म्हणायचा, मिलिटरीचा माल लई मऊ असतोय. आता तुमाला माहीत असेल, तिच्यात गियरचा मोठा दांडा हाय आणि शेजारी एक छोटा दांडा हाय. छोटा कशाला दिलाय ते कळलं न्हाय, शोभेचा असावा, म्हणून त्याचं मुंडकं घासून चकचकीत केलं आणि त्याला मधोमध ताठ उभा करून ठेवला. बघायला बरं दिसतं.

असं करता करता जत्रा आली. गाडी म्हशीच्याच जागेवर.

आता बारा गाड्यांची आपली चाल तुमाला माहीतच हाय. एकीच्या बुडाला दुसरीचं जू बांधून बारा बैलगाड्या लावायच्या, वर माणसं लादायची, आणि अंगाला भंडारा फासून रावजी भगतानं त्या वेशीपासनं देवळापर्यंत एकट्यानं ओढायच्या (एकट्यानं म्हणजे मागनं सगळा गाव ढकलतो, पण ते बोलायचं नसतं). पण आता कारखान्याला ऊस नेतात ट्रॅक्टर, बैलगाडी ठेवलीय कोणी? गोळा करून करून अकराच झाल्या. बारावी होती ती बारामतीकडच्या एका कृषी पर्यटनवाल्यानं नेली. रंगवून ठेवलीय म्हणं, लग्नाआधी पोरंपोरी तिच्यावर बसून फोटो काढत्यात. फोटोची तारीख ठरलेली म्हणून तो गाडी देईना.

पारावर मोठी बैठक बसली. कोणी म्हणालं अकरावरच भागवा. रावजी म्हणाला, देव मोजतो. कोणी म्हणालं ट्रॅक्टरची ट्रॉली लावा. रावजीनं मान हलवली. “जे आपलं आपण चालतंय ते देवाला चालत न्हाय. ओढल्याबिगर जे हलत न्हाय, तेच पाहिजे.” हे बोलला आणि मामा, सगळी बैठक हळूहळू वळून माझ्याकडं बघायला लागली.

मला हसावं का रडावं कळेना. रावजीनं मला जवळ बोलावून इचारलं, की बाळा, देवाच्या कामाला फसवू नको, ही चालू व्हायची काही आशा? मी तोंड उघडणार तोच मागनं आबा उठले. आमचे आबा बैठकीत सहसा बोलत न्हाईत.

“अजिबात न्हाय,” आबा म्हणाले. “ह्या सर्जेरावाचा शब्द हाय.”

झालं. पोटच्या पोराविरुद्ध शब्द दिला आणि जोंगा बारावी गाडी ठरली. रामहरीच्या पोरांनी ती ढकलत वेशीवर आणली, जू नव्हतं म्हणून पुढच्या गाडीच्या बुडाला बंपर भिडवून साखळदंडानं आवळली. स्टेअरिंग धरायला माणूस पाहिजे म्हणून मी वर. उद्या कापायचीच हाय तर आज थाटात जाऊ दे, असं म्हणून पुढचा दिवा लावण्यापुरतं बटण दाबलं. गियर सवयीनं टाकला. तेवढ्यात साखरबाई शेजारी चढून बसली, मांडीएवढी पुरणपोळ्यांची टोपली घेऊन. ठेवायला जागा न्हाय, तर तिनं ती दोन्ही सीटांच्या मधी घातली, वरनं ढोपरानं दाबली. कुठंतरी कट् असा आवाज झाला. बघतो तर माझा चकचकीत केलेला छोटा दांडा टोपलीखाली पार पुढं वाकलेला. मी तिला म्हणालो, आजी, पॉलिश गेलं. ती म्हणाली, पॉलिशनं पोट भरतंय व्हय?

चांगभलं झालं, भंडारा उधळला, रावजीनं डोळे मिटून ओढ घेतली. गाड्या जागच्या हलेनात. कधी न्हाय ते! सकाळी पोरांनी हसत ढकललेली गाडी आता दगडागत बसलेली. रावजीनं आभाळाकडं बघितलं, परत ओढ घेतली. बाया कुजबुजायला लागल्या, की लोखंडाचा विटाळ झाला. मग गावाला राग आला आणि झाडून सगळा गाव मागं लागला, आबासुद्धा. मी आरशात बघितलं, आबांनी टोपी खिशात घातली होती आणि खांदा लावला होता. एक हिसका बसला, दुसरा बसला, आणि मामा, बुडाखालनं असा आवाज आला, की जणू कोणी बिरोबाच्या देवळातला नगारा इंजिनात ठेवून बडवतंय. धूर एवढा, की मागचा गाव दिसेनासा झाला. जोंगा चालू झाली!

पुढं काय झालं ते मला वरनं जेवढं दिसलं तेवढं लिहितो. अकरा गाड्या मी मागनं रेटत होतो. रावजीचे डोळे मिटलेले, त्याला वाटलं देव अंगात आला, कारण ओढायला जोरच लागेना. तो पळायला लागला. देऊळ आलं, देऊळ गेलं. आरती घेऊन उभे होते ते आरतीसकट मागं धावले. ब्रेकचं काम मी पुढच्या सुट्टीत धरलं होतं. बटण बंद करायला गेलो तर ते उपटून हातात आलं, शेवटी पडवीचंच ते. पेट्रोलची नळी ओढून काढली, पण इंजिनात होतं तेवढं संपेस्तोवर ती थांबेना. साखरबाई तेवढी शांत होती, हात जोडून बसलेली. तिला वाटलं दरसाल असंच असतं.

उतार सरळ धरणाच्या पाण्याकडं जातो, हे तुमाला माहीत हाय. यंदा पाणी लई खाली गेलंय आणि धरणात बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडलंय. गाळात आल्यावर चाकं रुतली, इंजिनानं दोन उचक्या दिल्या आणि गप झालं. रावजीनं डोळे उघडले तवा तो घोटाभर पाण्यात उभा होता आणि त्याच्यासमोर बिरोबाची जुनी पायरी होती.

मामा, धरण व्हायच्या आधी बारा गाड्या त्याच पायरीला जायच्या, हे आमी नुसतं ऐकत आलो. साखरबाई खाली उतरली, पायरीला हात लावला आणि म्हणाली, “मी ह्या पायरीवर उतरले होते. नवी नवरी.” मग टोपली सोडून पहिली पोळी तिनं देवाला न दाखवता जोंगाच्या बॉनेटवर ठेवली. त्यावर रावजीनं भंडारा टाकला. ठरलंच मग, देवाला जुन्या घरी यायचं होतं, त्यानं गाडी पाठवून दिली. देवानं चालू केली असेल, मी न्हाय म्हणत न्हाय. पण कार्बोरेटर कोणी धुतला?

आबा सगळ्यांत शेवटी धापा टाकत आले. गाडीला परत एक पूर्ण फेरी मारली. मला वाटलं आता मार खाणार. ते एवढंच म्हणाले, “शब्द घालवलास माझा.” पण तोंड दुसरीकडं करून म्हणाले, आणि खांद्याला लागलेलं काळं ऑइल त्यांनी दिवसभर पुसलं न्हाय.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला कटर घेऊन आला. बॉनेटवर हळदकुंकू, बंपरला नारळ, टपावरच्या फवारणीच्या डब्याला हार. त्यानं चपला काढल्या, पाया पडला आणि कटर न उतरवता इंदापूरला गेला. जोंगा आता नव्या देवळासमोर उभी हाय, म्हस परत छपरात आलीय, आणि तुमच्या भाच्याला अख्खी पळसदेव बाजू मेकॅनिक म्हणती. मी हे लिहिताना रोलरच्या सावलीत ताठ बसलोय. मोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, गुडघ्याला विश्रांती.

आपला आज्ञाधारक भाचा,
ज्ञानेश

ता. क. आबांच्या मनात अजून किडा हाय. असली गाडी नुसती ढकलून चालू होती का, हे ते तुमाला फोन करून इचारणार हायत. तुमी म्हणा, मिलिटरीत असलं कधी बघितलं न्हाय. खऱ्याची किंमत तुमालाच, हे मी वर लिहिलंय, ते खोडलं असं समजा. देव तिच्यात हाय तोवरच कटर लांब हाय.

आणखी एक ता. क. रावजीनं जाहीर केलंय, की आता दरसाल बारा गाड्या जोंगा लावूनच जुन्या पायरीला जाणार. आजूबाजूच्या वाड्यांना निवतं गेली. अडचण एवढीच, की त्या दिवसानंतर ती परत चालू झालेली न्हाय. सगळं तसंच हाय. बटण नवीन बसवलं, डब्यात पेट्रोल हाय, गियर हाय. तो छोटा दांडा टोपलीनं पुढं दाबला गेलेला वंगाळ दिसत होता, तेवढा मी निघायच्या आधी परत मधोमध ताठ केला. रामहरी सांगतो, आता गाडी परत पहिल्यासारखी हलकी पळती. हे चांगलं का वाईट ते कळवावं.

शेवटचा ता. क. कळवूही नका, तुमीच या. देवदर्शनाला म्हणून या. मामींना देवळाच्या रांगेत उभं करा, रांग मोठी असती. पान्यांची पिशवी नैवेद्याच्या टोपलीत घाला, वर नारळ ठेवा. मग गाडीला साष्टांग दंडवत घालायच्या निमित्तानं खाली जा आणि तिच्या पोटाखाली काय ते बघून या. लोक भक्ती म्हणतील. गुडघ्याची एवढी चौकशी केली ती त्याचसाठी.