ठासणीची बंदूक आणि वेंडेलकाकांची शेळी

९ नोव्हेंबर

डेलमर आला. बूट न पुसता. बसला तो थेट कोपऱ्यातल्या बंदुकीकडे बघत. ऑर्विल जाऊन दहा महिने झाले, धाकट्या भावाला त्याची आठवण येते ती बंदुकीपुरती. "वहिनी, ठासणीची बंदूक आहे ती, झाडू नव्हे. तुझ्या काय कामाची?"

म्हटलं, ऑर्विलच्या बंदूक-क्लबचा रिवाज आहे ना? गेलेल्याची बंदूक विकायची नाही. नव्या वर्षाच्या नेमबाजीत घरच्यांनी तिचाच एकेक बार टाकायचा, ज्याची गोळी खुणेजवळ त्याची बंदूक. मग मीही टाकणार.

तो हसला. हसताना अगदी ऑर्विलसारखा दिसतो, ते आणखीच वाईट.

बोलून बसले खरी! दारू आधी की गोळी आधी, तेही मला ठाऊक नाही.

१६ नोव्हेंबर

शेजारचे वेंडेलकाका शिकवतायत. क्लबचे पंचही तेच. स्पर्धेआधी ऑर्विलची बंदूक झाडायची नाही म्हणून क्लबची जुनीपानी दिली. नळीत दारू ओत, तेलकट चिंधीत गोळी गुंडाळ, गजाने तळापर्यंत ठास, नळीच्या बाजूच्या कानावर चिमूटभर दारू, मग चकमक — मग बार. तेवढ्यात हरीण जेवून, हात धुऊन घरी जाईल.

आणि क्लबातली मंडळी! अंगात पणजोबांच्या काळचे कातडी डगले, येतात मात्र गरम सीटच्या गाड्यांतून.

काकांची शेळी गोठ्याशी साखळीला. मला बघून तोंड फिरवते. फिरवू दे. तीन उन्हाळ्यांमागे दोरीवरचा माझा निळ्या पट्ट्यांचा कोरा स्कर्ट तिनेच खाल्ला. बहिणीच्या लग्नासाठी शिवला होता, चांगलं दाट विणीचं कापड. तिच्या तोंडात निळा धागा ऑर्विलने स्वतः पाहिला. बिचारा माझ्याबरोबर कुंपणाकुंपणाने शोधत हिंडला. तेव्हापासून ती बांधलेली.

२३ नोव्हेंबर

घात. दारू घालायलाच विसरले. नुसती गोळी ठासली. चाप ओढला — फुस्स. डेलमर म्हणाला, "वहिनीने बंदुकीला उपास घडवला." अख्खा क्लब खिदळला. काकांनी गजाला स्क्रू लावून ती गोळी ओढून काढली, बिचाऱ्यांना घाम फुटला.

घरी येऊन रडले. रागाने.

७ डिसेंबर

बार झाला की हे लोक पुढे धावतात. गोळीबरोबर उडालेली जळकी चिंधी गवतातून उचलतात आणि पत्रिका बघावी तशी बघतात. मधे भोक पडलं तर कापड विरळ. कडा फाटल्या तर गोळी घट्ट.

काका म्हणाले, "अर्धा नेम चिंधीत असतो, पोरी. शेवटची दोन-तीन वर्षं ऑर्विलला कोणी हरवू शकलं नाही. कसली चिंधी वापरायचा, लबाडाने सांगितलं नाही. बार झाला की उचलून खिशात."

डेलमरला वाटतं मला माहीत आहे. मला! त्याचे मोजे कुठे असतात ते मला माहीत होतं, बास.

२० डिसेंबर

लागली. फळीच्या कोपऱ्याला, पण फळीलाच.

३१ डिसेंबर

उद्या. डुकराचं मटण आणि आंबट कोबी शिजतोय. वर्षाच्या पहिल्या दिवशी हे खाल्लं की वर्ष चांगलं जातं म्हणे. गेल्या वर्षीही खाल्लं होतं.

बंदूक पुसली. डेलमर हिला सोफ्यामागच्या भिंतीवर टांगून पाहुण्यांना फुशारक्या सांगणार. नाही द्यायची. वर्षभर रोज सकाळी मी हिच्याशी भांडतेय, घरात दुसरं आहे कोण?

१ जानेवारी

माझी पाळी आधी. नळी रिकामी आहे ना बघायला काकांनी गज सोडला आणि थांबले. गज तळाला गेलाच नाही, त्याच्यावरची खूण नळीच्या बाहेरच राहिली. "भरलेली आहे," म्हणाले.

वर्षभर माझ्या स्वयंपाकघरात भरलेली बंदूक! मी तिच्यावरून फडकं फिरवत होते. ऑर्विल शेवटच्या शिकारीहून तापाने फणफणत आला, तशीच ठेवली असणार. जगाला शिस्त शिकवायचा हा माणूस.

काकांनी विचारलं, "टेकडीत झाडून रिकामी करू, की हाच तुझा बार?"

म्हटलं, हाच.

"वर्षाची शिळी दारू, वहिनी," डेलमर म्हणाला. "फुस्स होणार."

झाली नाही. धूर ओसरला तर गोळी खुणेला चिकटून. मग डेलमरने स्वतः ठासली, स्वतःच्या चिंधीत. खूण सोडा, फळीच चुकली. वारा होता म्हणाला. झाडाचं पान हलत नव्हतं.

तोवर मी बर्फात जाऊन माझी चिंधी उचलली. भोक नाही, कडा शाबूत. बराच वेळ बघत उभी राहिले. मग खिशात टाकली.

"कसली होती, सांग तरी," डेलमर मागे लागला.

सांगितलं नाही.

२ जानेवारी

चिंधी धुतली. काजळी गेल्यावर निळे पट्टे लख्ख दिसतात.

वेंडेलकाकांकडे जाऊन म्हटलं, शेळी सोडा.