मला कोणी फोडत नाही

३ नोव्हेंबर

बजरंगाचा पक्षप्रवेश सुसंपन्न! परवापर्यंत रहाट पक्षाचा राहुरी शहराध्यक्ष, आजपासून आमच्या समई पक्षाचा कंठमणी. सूत्रसंचालन अर्थातच अस्मादिकांकडे. लग्नपत्रिका आणि फ्लेक्स छापून उदरनिर्वाह करणाऱ्या मनुष्यास विशेषणांची ददात नसते, अशी आमचे तालुकाध्यक्ष सहादेव आबा यांची धारणा आहे. गेल्या निवडणुकीत याच बजरंगाला मी भर सभेत ‘पलायनपंडित’ ही पदवी बहाल केली होती. आज ‘जनहृदयसम्राट’ केले. यंत्र तेच, शाई तीच.

आबांनी त्याला शाल घातली. त्याची ही चौथी. प्रत्येक पक्षाने त्याला सन्मानपूर्वक फोडले — शाल, नारळ, फोटो!

मी अठरा वर्षे एकाच पक्षात. मला कोणी फोडत नाही. सभेत माझा उल्लेख ‘निष्ठावंत’ असा होतो — ज्या मुलाला स्थळेच सांगून येत नाहीत त्याला ‘स्वभावाने चांगला’ म्हणतात, त्या सुरात.

५ नोव्हेंबर

बजरंगाला प्रभाग सात हवा आहे. माझा प्रभाग सात!

६ नोव्हेंबर

आबांकडे गेलो. ‘पुढच्या टायमाला सात नंबर तुझाच’ हे अभिवचन त्यांनी मला दोन निवडणुकांत दिले आहे. आज म्हणाले, “आरं रामहरी, तू घरचा मानूस हायस. घरच्याला पैल्या पंगतीत बसवत्यात व्हय?”

घरी येऊन पत्नीला, वृषालीला, सांगितले. बचत गटाच्या बायका मसाल्याची पाकिटे भरत होत्या. मान वर न करता म्हणाली, “मग उठा की त्या पंगतीतून.” स्त्रियांना राजकारण कळत नाही, असे मनात म्हणालो. उच्चारले नाही, घरात त्या बहुमतात होत्या.

८ नोव्हेंबर

नवा फ्लेक्स. आबांच्या शेजारी बजरंग — समान आकार! मी तळाच्या रांगेत, शुभेच्छुकांत, पोस्टाच्या तिकिटाएवढा. आणि हे सर्व मीच माझ्या हाताने जुळवायचे. मत्सर हा षड्रिपूंमध्ये शेवटचा गणला जातो. माझ्याकडे त्याला प्रथम क्रमांक आहे. बजरंगाचे पोट संगणकावर दोन बोटे रुंद केले. कोणाच्या लक्षात आले नाही. समाधानही अल्पजीवी ठरले.

११ नोव्हेंबर

बजरंग परत गेला! रहाटवाल्यांनी त्याला नगराध्यक्षपदाची उमेदवारी देऊ केली. काल केडगावच्या एका हॉटेलात खलबते, आज स्वगृही पुनरागमन. पाचवी शाल! मार्केट यार्डासमोर आमच्या फ्लेक्सवर मात्र तो रुंद पोटाने हसतोच आहे.

प्रभाग सात मोकळा. आबांचा फोन येईल.

१२ नोव्हेंबर

आला नाही.

१३ नोव्हेंबर

साक्षात बजरंग घरी! चहा झाला, दुसरा झाला. “सर, समईतलं त्याल संपलंय. किती दिस वात धरून बसता?” मी गंभीर मुद्रा धारण केली. मग म्हणाला, “तुमचं ते पलायनपंडित लई भारी हुतं बरं का! आमची मंडळी घरात अजून त्याच नावानं हाक मारती.” शत्रूला माझे वाङ्मय पाठ! स्वपक्षात कोणाला एक ओळ आठवत नाही.

मधेच वृषालीला विचारले, “वहिनी, आपल्या भागात तुमच्या गटाच्या बाया किती?”

“दोनशेच्या वर.”

“समद्या ऐकत्यात तुमचं?”

“माझं ऐकत नाहीत. मी त्यांचं ऐकते.”

सौजन्य म्हणून चौकशी केली असावी. जाताना म्हणाला, “उद्या फोन करतो.”

अखेर! मला कोणीतरी फोडत आहे! रात्री नकाराचे भाषण लिहिले. बाणेदार, ओजस्वी. शेवटी ‘तथापि’ हा शब्द लिहून पुढे कागद कोरा ठेवला.

१४ नोव्हेंबर

फोन आला.

“सर, वहिनींकडं द्या जरा.”

रहाट पक्षाची उमेदवारी, प्रभाग सात — वृषालीला. प्रभाग महिलांसाठी राखीव नाही, हे विशेष. म्हणजे अन्य उपाय नव्हता म्हणून नव्हे. ती हवी म्हणून.

ती म्हणाली, “तुम्हाला राग येणार असेल तर त्यांना ‘नाही’ म्हणून सांगते.”

राग नव्हता. जे होते त्याला माझ्याकडे दहा संस्कृत प्रतिशब्द आहेत. एकही लागू पडेना. अठरा वर्षे मी सतरंजीपासून मंचापर्यंत सर्व काही अंथरले. ती मसाला भरत बसली आणि पक्ष तिच्या दारी आला!

“भर अर्ज,” म्हणालो. पण इतक्या बारीक आवाजात, की तिने “काय?” म्हणून पुन्हा विचारले.

१६ नोव्हेंबर

आबांचा फोन! “रामहरी, सात नंबर तुला दिला. उद्या अर्ज भर.”

खुर्चीतून उठून उभा राहिलो. म्हणालो, “आबा, वृषालीसमोर माझा निभाव लागेल?”

“तू कशाला निवडून येतोस! घरात दोन चुली दिसल्या की तिची मतं फुटत्यात. आपल्याला तेवढंच पायजे.”

मला फोडायला कोणी आलेच नव्हते. आबांना माझ्या हाताने माझे घर फोडून हवे होते.

“बघतो,” म्हणालो. अठरा वर्षांत आबांना ‘हो’ सोडून दिलेले पहिले उत्तर.

१७ नोव्हेंबर

प्रभाग सात. चिन्ह रहाट. उमेदवार वृषाली. सूचक म्हणून सही — माझी.

“फ्लेक्सवर नावापुढे काय लावू?” विचारले. “नुसतं नाव लावा.”

माझा पक्षप्रवेश असा झाला. ना नारळ, ना फोटो. कचेरीच्या आवारात गार वारा सुटला होता. वृषालीने अंगावरची शाल काढून माझ्या खांद्यांवर टाकली.

“सर्दी होते तुम्हाला,” म्हणाली.