आईचं 'थांब'

प्रिय आई,

फोन सोडून हे पत्राचं काय खूळ, असं तू म्हणणारच. सांगते, पण आधी खुशाली. ऑफिस अजून सायकलच्या दुकानावरच आहे. खाली हवेचा पंप सुरू झाला की वर आमची मीटिंग थांबते. कामही तेच. आमची कंपनी नकाशे बनवते, बाहेरचे प्रोग्रामर ते आपापल्या ॲपमध्ये बसवतात. ते कसे बसवायचे हे त्यांना भाषणं देऊन समजवायचं, त्यांची गाऱ्हाणी ऐकायची आणि परत येऊन आमच्या इंजिनिअरांचं डोकं खायचं. मामा अजून म्हणतो, बडबडीला बडबडीचाच पगार मिळतो. म्हणू दे.

त्याला काय ठाऊक, माझं प्रत्येक भाषण आधी फोनवर तुझ्याकडून पास व्हावं लागतं! कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नसताना तू ऐकायचीस आणि मध्येच म्हणायचीस, थांब, नकाशा उघडायची ही चावी कुठून आली? आधी बोलली नाहीस ती. नेमके तिथेच पुढे सगळे अडकणार असायचे. इंजिनिअर आधी चिडायचे, मग निमूट दुरुस्त करायचे. आता तर नवीन काही बाहेर काढण्याआधी तेच विचारतात, 'आईचं थांब' झालं का?

गेले काही महिने तू एकदाही थांबवलं नाहीस. मला वाटलं, मीच सुधारले. मूठभर मांस चढलं अंगावर. परवा मात्र माझ्याकडून ती चावीच सांगायची राहिली, तरी तू म्हणालीस, छान, कळलं. मी विचारलं, जेवलीस का? तर म्हणालीस, हो, अगदी सोपं आहे.

फोन ठेवून मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. आई, तुला ऐकू येत नाहीये ना? माझा हिरमोड नको म्हणून तू नुसतं कळलं, कळलं म्हणत राहिलीस. नाही कळलं तर सांगायला लाज कसली, हे तूच शिकवलंस आणि तेच मी लोकांना सांगत फिरते. शनिवारी येतेय. कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, कुरकुर चालणार नाही. पुढच्या महिन्यातलं मोठं भाषण तुझ्याशिवाय उभं राहायचं नाही, म्हणून ते सोबत लिहून पाठवलंय, मोठ्या अक्षरांत. जिथे अडशील तिथे पेन्सिलीने 'थांब' लिही.

तुझीच,
बडबडी