सिनेमावाल्यांनी बिघडवलेला शेवट

तीर्थरूप मावशीस,

तुझ्या पुस्तकवेड्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. (दोन्ही गुडघे कुरकुरतात, तेव्हा सहाच अंगांचा समज.) तुझा खोकला कसा आहे? काकांना ऐकू येतं का, की अजून सोयीपुरतंच? मी मजेत आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे गावभर माझी शोभा झाली आहे.

तुझ्या घरची ती नावाड्याच्या मुलीची जुनी कादंबरी आठवते ना? सुट्टीत तुझ्याकडे आलो की मी तीच घेऊन बसायचो. शेवटी बोट लांब जाते, मुलगी धक्क्यावर एकटी उभी राहते, संपलं. काय तो धीर! त्या शेवटावर मी निम्मं आयुष्य काढलं. (मी लग्न केलं नाही याचं अर्धं कारण तोच शेवट. उरलेलं अर्धं, कुणी विचारलं नाही.)

तर त्या कादंबरीवर सिनेमा निघाला. पुस्तकावरचा सिनेमा म्हटला की माझं पित्त खवळतं, आणि तरी पहिल्याच दिवशी मी तिथे हजर असतो. या खेपेला सोबत आमच्या मांजराच्या डॉक्टरीणबाई होत्या. (मांजर ठणठणीत आहे. तरी मी त्याला दर आठवड्याला तपासायला नेतो. हल्ली ते पिशवी दिसली की कपाटावर चढून बसतं.) बाई इंजेक्शन देता देता कादंबऱ्यांवर बोलतात. मला त्या फार म्हणजे फार आवडतात. हे आजवर फक्त मांजराला ठाऊक होतं, आता तुला.

सिनेमा बरा चालला होता. नायिकेच्या घरचे पडदे भलत्याच रंगाचे होते, पण ते मी बाईंच्या कानात कुजबुजण्यावर भागवलं. शेवटाला बघतो तर काय, बोट परत आली! नायक उतरला आणि नायिकेनं त्याला सरळ लग्नाचं विचारलं! माझं डोकंच फिरलं. मी उठलो आणि भर थिएटरात भाषण ठोकलं, की हे लेखिकेनं लिहिलेलं नाही, हा शुद्ध खून आहे. मागून कुणी "खाली बसा हो!" म्हणून ओरडलं, तर मी खुर्चीवरच चढलो. अखेर दारवानानं दंडाला धरून मला बाहेर आणून सोडलं. मागोमाग बाई आल्या, हसून हसून डोळे पुसत. म्हणाल्या, "अहो, पुस्तकात अस्संच आहे! धक्क्यानंतर अख्खं एक प्रकरण आहे."

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तुझ्या स्वयंपाकघराची खिडकी वाऱ्यानं खडखडायची, तेव्हा काकांनी हाताला लागलं त्या पुस्तकाची मागची पानं टरकावून, घड्या घालून फटीत ठोकली होती. मावशी, ते हेच पुस्तक! मी इतकी वर्षं ज्याला धीर समजलो ती काकांची सुतारकी होती.

दोन दिवस तोंड लपवून घरात बसलो. तिसऱ्या दिवशी बाई स्वतःची प्रत घेऊन दारात. तेव्हापासून रोज संध्याकाळी येतात आणि ते प्रकरण मला वाचून दाखवतात. जेमतेम दोन पानं, मग चहा. मी सगळं लक्ष देऊन ऐकतो असं नाही, पण इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

काकांना नमस्कार सांग. (रागावूनच सांग.)

तुझा,
भाचा

ता. क. खिडकीतली पानं जपून काढ आणि टपालानं पाठवून दे.

पुन्हा ता. क. नको, पाठवू नकोस. पानं हातात आली तर बाई कशाला येतील? त्यापेक्षा तूच ये आणि माझ्या वतीनं त्यांना लग्नाचं विचार. माझी जीभ टाळ्याला चिकटते. या पत्राचं खरं कारण हेच.

आणखी एक. पाकीट चिकटवणार तेवढ्यात बाई आल्या. आज प्रकरण संपलं. पुस्तक मिटून त्यांनी विचारलं, "पुढे काय?" मी म्हटलं, पुढे काही नाही, पुस्तक संपलं. तर म्हणाल्या, "मी पुस्तकाचं विचारत नाहीये." मावशी, मी हो म्हणालो! आता विचारायला येऊ नकोस, लग्नालाच ये.