माझ्या मनगटावरची तुझी विश्रांती

प्रिय ठमे,

आई हे पत्र तुझ्या हातात देईल आणि नेहमीप्रमाणे माझ्याबद्दल दोन शब्द जास्तीचे बोलेल. तेही ऐकून घे.

पायाचं हाड दुखावलं म्हणून तुझ्या धावण्याच्या सरांनी तुला वसतिगृहातून दोन आठवडे विश्रांतीला घरी धाडलं. शरीर किती सावरलं, ते नाडीच्या ठोक्यांवरून त्यांना कळावं म्हणून मनगटाला घड्याळ बांधलं आणि काढायचं नाही असं बजावलं. तू मात्र रोज सकाळी ते माझ्या कापड बेतायच्या टेबलावर ठेवून मैत्रिणीकडे जायचीस. मला वाटलं, पोरगी विसरभोळी. सरांचा शब्द का मोडा? मीच ते घातलं.

मशीनला हात लावण्याआधी मी डोळे मिटून देवाचं नाव घेतो, हे तुला ठाऊक आहे. ते माझे ठोके तुझे म्हणून सरांकडे गेले. दुसऱ्याच दिवशी त्यांचा मला फोन, अशी विश्रांती आजवर एकाही खेळाडूनं घेतली नाही! मी गोंधळलो, पण तू आरामात आहेसच, असं समजून गप्प बसलो. एकदाच त्यांनी काळजीनं विचारलं, सकाळी दहाला एवढी धडधड कशाची? तेव्हा बेकरीवाला नव्या पँटमध्ये शिरत होता आणि पँट त्याला आत घेत नव्हती.

चौथ्या दिवशी टाकीमागे तुझे धावायचे बूट दिसले, ताज्या चिखलानं भरलेले. कळायचं ते कळलं. तरीही मी घड्याळ घालतच राहिलो, कारण तू गुणगुणत परत यायचीस आणि ते गुणगुणणं थांबवायचा मला धीर झाला नाही. देवासमोर बसायची लाज वाटायची. ठोके मात्र शांतच. लबाड मेले! आईला आज सगळं सांगितलं, तर म्हणते, वीस वर्षं बसून आहात, विश्रांतीत तुमचा हात कोण धरणार?

काल तू वसतिगृहावर परत निघालीस, ती जिन्याचा कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत. आणि संध्याकाळी तुझा आनंदाचा फोन: रविवारच्या निवड शर्यतीत सरांनी नाव घातलं. पोरी, ते नाव माझ्या नाडीनं मिळवलंय. मोडणार मात्र तुझं हाड.

म्हणून सकाळीच सरांना खरं काय ते सांगून टाकलं. रविवारी तू धावणार नाहीस. ते म्हणाले, तिला तुम्हीच कळवा. आई तुला न्यायलाच आली आहे. राग येईल, येऊ दे. घरी येऊन माझ्याशी कडाकडा भांड. फक्त पळत येऊ नकोस.

तुझाच, तुझ्याइतकाच लबाड,
बाबा