ओट्याचं माप

शेगाव,
ता. १८ नोव्हेंबर २०२४

चि. दीपक यास,
अ. उ. आ.

फोन मुद्दाम करत नाही. फोनवर तू हाव ताई, हाव ताई म्हणतो अन् ठेवून देतो. कागद तरी पुरा वाचशील.

परवा मोताळ्याले तुमचं नवं स्वयंपाकघर पाह्यलं. चकाचक टाईल्स, काळा ग्रॅनाइट, खाली ट्रॉल्या. अन् ओट्यापुढं आपली आई पाटावर उभी राहून भाकर थापत होती. पाट बसाले असते की चढाले? त्यावरूनच ती घसरली अन् घोटा सुजला. तिनं सांगतलं नाही, मले दिसला. तिचं कोपर ओट्याच्या काठाखाली राह्यते, दीपक.

हरिओम मिस्त्रीले विचारलं. तो म्हणे, माप पूजेच्या दिवशी सवाष्णीचं, तुमच्या वहिनीचं घेतलं. बाबा गेले त्याले पाच वर्षं झाली. या पाच वर्षांत दोन्ही वेळच्या भाकरी आईनं थापल्या, तेव्हा कोणाले सवाष्ण आठवली नाही. प्रतीक्षा नऊ वाजता बँकेत जाते अन् ओटा तिच्या उंचीचा. डोकं फिरलं माझं. तो ओटा खाली कर. नाहीतर आईले मी शेगावले घेऊन येईन, मग बस ट्रॉल्या उघडत.

राग आहे तरी आशीर्वाद आहेच.
तुझी ताई,
वंदना


मोताळा,
ता. २४ नोव्हेंबर

ती. सौ. वंदनाताईस,
शि. सा. न. वि. वि.

असं पत्र दुश्मनालेही कोणी लिहीत नाही. चुलीच्या धुरानं आईचे डोळे चुरचुरत, म्हणून मीच या कामाच्या मागं लागलो. फरशीच्या रंगापासून सगळं तिले विचारलं. दरवेळी एकच, तुमच्या मनानं करा. मग केलं मनानं. आता मी काय अंतर्यामी आहे?

पूजा करून सवाष्णीचं माप घ्यायची मिस्त्रींची रीतच आहे. अन् ताई, त्या दिवशी तू इथंच होती. हळदीकुंकवाचं ताट तुझ्याच हातात होतं. आई मागच्या खोलीत लसूण सोलत बसली होती, तिले बाहेर ये म्हणून तू तरी आवाज दिला काय? मले एकट्याले फासावर देऊ नको. बसलेला ग्रॅनाइट काढला तर तुटते. आईसाठी मोठा चौरंग बनवून देतो, न घसरणारा.

भाऊजींना नमस्कार. राग उतरला की कळव.
तुझा,
दीपक


शेगाव,
ता. २९ नोव्हेंबर

चि. दीपक यास,
अ. उ. आ.

ताटाचं लिहिलं ते खरं आहे. चार दिवसांपासून तेच डोक्यात आहे अन् तुझ्यापेक्षा मले माझाच राग येऊन राह्यला. पण चौरंग बनवू नको. आपल्या घरात तिनं वर चढून काऊन उभं राहावं?

वंदना


मोताळा,
ता. ६ डिसेंबर

चि. सौ. वंदनास,
अनेक आशीर्वाद.

तुही दोन्ही पत्रं वाचली. दीपकनं ती तेलाच्या ट्रॉलीत लपवली होती, जसं काही मी ट्रॉली उघडतच नाही.

मले राग तुमच्या दोघांचाही आला. एक मले शेगावले नेते, एक चौरंगावर चढवते, अन् मले विचारत कोणी नाही. तुमच्या मनानं करा म्हटलं, तर माणसानं अजून एकदा विचारावं. त्या दिवशी मी मागं माह्या खुशीनं नव्हती बसली. लोकं बोलतात म्हणून बसली. मिस्त्री टेप कोणाले लावते, ते दारातून पाहत होती.

सोमवारी मी भाकरी केल्या नाही. मंगळवारीही नाही. दीपकनं दोन दिवस टपरीवरची मिसळ खाल्ली. बुधवारी मीच हरिओमले बोलावलं. शेगडीच्या बाजूचा ग्रॅनाइट काढाले लावला, तुटला तर तुटला म्हटलं. कोपरातून तुटलाच. माप द्याले मी उभी राह्यली, टेप प्रतीक्षानं धरला. तिले बोल लावू नको, पोरीचं मन साफ आहे. काल खाली केलेल्या ओट्यावर नवी फरशी बसवाची वेळ आली, तर हरिओम विचारते, काकू, नारळ कोणाच्या हातानं फोडायचा?

नारळ मी फोडला. खोबरं गोड निघालं, त्याची चटणी केली. आज जमिनीवर उभं राहून भाकरी थापल्या. पाट आता बसाले मोकळा आहे. तू ये, त्याच्यावर तुले बसवून वाढीन.

तुही आई,
शालू