सोमवारी जे बोलले

१२ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू शिकवून गेलास आणि आमच्या बाटल्यांच्या कारखान्यात ज्याच्या त्याच्या तोंडी तुझंच नाव. मॅनेजमेंटचा एवढा पंडित, आणि घरी स्वतःचा मोजा सापडत नाही, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही! चूक सांगणारा माणूसच कारखाना वाचवतो, हे तुझं म्हणणं आता पहारेकऱ्यालाही पाठ आहे.

सोमवारच्या चहाला सगळे गोल बसून आपापली चूक सांगतात. आधी कुणी तोंड उघडेना. मग मीच भट्टीवाल्या काकांच्या मागे लागले. म्हटलं, दादाने शब्द दिलाय, इथलं बोलणं इथेच राहील, कुणाच्या केसालाही धक्का लागणार नाही. तेव्हा काकांनी सांगितलं, की डुलकी लागली आणि भट्टी निवाली. त्यांच्यामागून पॅकिंगच्या बायका बोलल्या. आता फूटतूट निम्म्यावर आली आहे.

वहिनीला नमस्कार. माया आहेच, ती वाढू दे.

तुझी धाकटी

३ मे

चि. भांडकुदळ बहिणीस,
अनेक आशीर्वाद.

पुस्तक निघालं! अर्पणपत्रिकेत तू आहेस, तेव्हा यापुढे तरी मोठ्या भावाचा मान ठेवत जा.

तुमच्या कारखान्याच्या नव्या मालकांनी मला सल्लागार नेमलं आहे. परवा त्यांच्याकडे जेवायला होतो. सोमवारच्या बैठकांबद्दल फार खोदून विचारत होते. मीही रंगात येऊन कोण काय बोललं ते सगळं सांगितलं. उदाहरणांशिवाय विचार पटत नाही ना! उद्या थोडेफार बदल झाले तरी तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस. तुझ्यासाठी मी शब्द टाकला आहे.

समारंभाला ये, पहिल्या रांगेत बसवतो. प्रकृतीला जप.

तुझा दादा

२० मे

दादास,
नमस्कार.

बदल झाले. जे सोमवारी बोलले, त्या सगळ्यांना काढलं. जे तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते, ते जागच्या जागी आहेत. डुलक्या काढायला पगार देत नाही, असं मालकांनी काकांना चारचौघांत ऐकवलं. ती डुलकी त्यांच्यापर्यंत तू पोचवलीस. केसाने गळा कापलास रे. परक्याने केलं असतं तर शिव्या देऊन मोकळी झाले असते, तू केलंस म्हणून नुसतं रडू येतं.

चुका मीही सांगितल्या होत्या. मला मात्र ठेवलं. त्यामुळे मला हे आधीच ठाऊक होतं, असं सगळे धरून चालले आहेत. आता डबा खायला माझ्याशेजारी कुणी बसत नाही. अर्पणपत्रिकेतून माझं नाव काढ. मी राजीनामा दिला आहे.

काल काकांकडे गेले होते. जन्मभर मला पोरी म्हणणारा माणूस, उठून उभा राहिला. बाईसाहेब, बसा म्हणाला, आणि खुर्ची पुसून दिली.

कळावे. लोभ होता.

धाकटी